उबुंटूवर बसलेल्या पॅकेजचा सोर्स कोड नेमका कोठून घ्यावा?

खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याचे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान असून दुकानातील संगणकावर उबुंटू २४.०४ आहे. कार्यालयात द्यायचे अर्ज कन्नडमध्ये आणि लग्नपत्रिका व यात्रेची पत्रके मराठीत, असे दोन्ही टायपिंग रोज करावे लागत असल्याने त्यांनी दोन्ही भाषांसाठी कगप पद्धतीचा कीबोर्ड निवडला आहे. मराठी लेआऊटमध्ये ‘ॲ’ हे अक्षर त्यांना स्वतःच्या सोयीच्या कळीवर हवे आहे. कोणीतरी त्यांना सोर्स कोड डाऊनलोड करून त्यात बदल करण्याचा सल्ला दिला, म्हणून त्यांनी मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून सोर्सचे संकुल उतरवले. पण ते बांधताना ‘मेसन’ हे बांधणीचे साधन मिळत नाही, असा संदेश येऊन काम अडले. त्यांचे विचारणे एवढेच आहे की, आपल्या मशीनवर जे बसले आहे त्याचाच सोर्स कसा मिळवायचा.

बेळगाव परिसरातील छपाईच्या आणि टायपिंगच्या दुकानांतील लिनक्स मशीन सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत असतो. कगप लेआऊटची निवड मला योग्य वाटते. तो मुळात कन्नड गणक परिषदेचा लेआऊट आहे आणि ‘नुडी’वर कन्नड टायपिंग शिकलेल्या बोटांना तो आधीच ठाऊक असतो. उबुंटूच्या कीबोर्ड यादीत कन्नडबरोबर मराठीचाही कगप प्रकार उपलब्ध असल्याने सीमाभागात दोन्ही लिप्या एकाच सवयीने टाइप करता येतात.

आता मूळ अडचण. ‘सोर्स हवा’ असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा त्याला तीनपैकी एक गोष्ट हवी असते, आणि ती कोणती हे आधी ठरवले नाही तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. पहिली गोष्ट म्हणजे खरोखरचे सोर्स पॅकेज, म्हणजे ज्यातून आपल्या मशीनवरचे पॅकेज बांधले गेले तो संपूर्ण संच. दुसरी म्हणजे दुसरे काहीतरी बांधताना लागणाऱ्या हेडर फाइल्स. वायफायचे ड्रायव्हर बसवणारे लोक कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स मागतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा चालू कर्नलच्या आवृत्तीचे ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज पुरते. शंभर एमबीहून मोठा कर्नल सोर्स उतरवण्याचे काही कारण नसते. तिसरी गोष्ट म्हणजे मशीनवर आधीच साध्या मजकुराच्या रूपात असलेली एखादी फाइल, जिला सोर्सची गरजच नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रकरण पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीच्या मधले आहे. उबुंटूमधील कीबोर्डची वर्णने मजकुराच्या फाइल्समध्ये असतात आणि भारतीय लेआऊट ‘यूएसआर/शेअर/एक्स११/एक्सकेबी/सिम्बॉल्स’ या फोल्डरातील ‘इन’ नावाच्या एकाच फाइलमध्ये आहेत. ही फाइल कोणत्या पॅकेजची, हे ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठ्या लिपीतला) या कमांडला फाइलचा पूर्ण मार्ग देऊन विचारता येते. उत्तर ‘एक्सकेबी-डेटा’ असे येते. येथे एक गोष्ट तपासून घ्यावी. आपला लेआऊट आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या निराळ्या यंत्रणेमार्फत चालत असेल, तर त्याची फाइल ‘एम१७एन-डीबी’ या निराळ्या पॅकेजात असते, आणि तिची बदललेली प्रत आपल्या होम फोल्डरातील ‘.एम१७एन.डी’ या लपलेल्या फोल्डरात ठेवली की काम भागते. खालील विवेचन पहिल्या प्रकारासाठी आहे. तसेच कमांड मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच द्याव्यात.

फाइल साधी असली तरी ती जागच्या जागी बदलू नये, कारण पॅकेजची पुढची अद्ययावत आवृत्ती आली की आपला बदल कोणतीही सूचना न देता पुसला जातो. शिवाय आपल्याला हवा असलेला बदल पुढे इतर मशीनवर न्यायचा असेल किंवा मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा असेल, तर पॅकेज कसे बांधले जाते हे पाहणे गरजेचे ठरते. म्हणून सोर्स मिळवण्याचा आग्रह चुकीचा नाही. तो मिळवण्याची जागा मात्र प्रकल्पाचे संकेतस्थळ नव्हे.

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मिळतो तो लेखकांनी प्रसिद्ध केलेला सोर्स. उबुंटूने किंवा डेबियनने त्याची एक विशिष्ट आवृत्ती घेतलेली असते, तिच्यात गरजेप्रमाणे स्वतःच्या दुरुस्त्या घातलेल्या असतात आणि ती कोणत्या साधनांनी, कोणत्या पर्यायांसह बांधायची याची कृती ‘डेबियन’ नावाच्या उपफोल्डरात लिहून ठेवलेली असते. लेखकांच्या संकुलात ही कृती नसल्यामुळेच प्रश्नकर्त्यांना ‘मेसन’ मिळाले नाही. ते बांधणीचे साधन आहे आणि बांधणीसाठी काय काय लागते हे वितरणाच्या, म्हणजे उबुंटू किंवा डेबियनच्या, सोर्स पॅकेजात नोंदवलेले असते. आपल्या मशीनवर बसलेल्या वस्तूचा सोर्स हवा असेल तर ज्याच्याकडून ती वस्तू आली त्याच्याकडेच, म्हणजे वितरणाच्या भांडाराकडे, तो मागावा.

मागण्याआधी भांडाराची सोर्सची बाजू उघडावी लागते. उबुंटू बसवल्यावर ॲप्टला, म्हणजे पॅकेज आणून बसवणाऱ्या साधनाला, केवळ तयार पॅकेजची यादी माहीत असते. सोर्सची यादी निराळी असून ती मुद्दाम चालू करावी लागते. सोपा मार्ग म्हणजे ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून पहिल्याच पानावरच्या ‘सोर्स कोड’ या चौकटीत खूण करणे. हाताने करायचे असल्यास २४.०४ मध्ये ‘ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी’ या फोल्डरातील ‘उबुंटू.सोर्सेस’ ही फाइल सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, उघडावी. तिच्यात ‘टाइप्स: डेब’ अशी ओळ दिसते, ती ‘टाइप्स: डेब डेब-एसआरसी’ अशी करावी. ही ओळ त्या फाइलमध्ये सहसा दोनदा असते, एकदा नेहमीच्या व अद्ययावत भांडारासाठी आणि एकदा सुरक्षा भांडारासाठी, आणि दोन्ही ठिकाणी बदल करणे आवश्यक आहे. का, ते पुढे येईलच. २२.०४ किंवा त्याआधीच्या उबुंटूमध्ये ‘सोर्सेस.लिस्ट’ या फाइलमध्ये ‘डेब-एसआरसी’ने सुरू होणाऱ्या ओळींपुढे हॅशचे चिन्ह असते, तेवढे काढावे. डेबियनच्या इन्स्टॉलरने या ओळी बहुधा आधीच लिहिलेल्या असतात, आणि मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये यासाठी एक बटन आहे. हे झाले की ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवावे. ते न चालवता पुढे गेल्यास ‘डेब-एसआरसी’च्या नोंदी नाहीत किंवा सोर्स पॅकेज सापडत नाही, असे संदेश येतात आणि माणूस उगाच पॅकेजच्या नावावर संशय घेत बसतो.

आता एक रिकामे फोल्डर तयार करून त्यात जावे आणि ‘ॲप्ट सोर्स एक्सकेबी-डेटा’ ही कमांड द्यावी. येथे सुडो लावू नये. सोर्स केवळ चालू फोल्डरात उतरतो, मशीनवर काही बसवत नाही, आणि सुडोने चालवल्यास फाइल्स रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या होऊन पुढे प्रत्येक टप्प्यावर अडवतात. शिवाय सॅन्डबॉक्सविषयीची एक सूचना येऊन नवखा माणूस घाबरतो ते वेगळेच.

कमांड दिल्यावर पहिल्या काही ओळींतच ‘एक्सकेबी-डेटाऐवजी एक्सकीबोर्ड-कॉन्फिग हे सोर्स पॅकेज निवडत आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसेल. त्यात काही चुकलेले नाही. एका सोर्स पॅकेजातून अनेक तयार पॅकेज निघू शकतात आणि त्यांची नावे सोर्सच्या नावाशी जुळतीलच असे नाही. ॲप्ट तो संबंध स्वतः शोधून काढते. त्याखाली या पॅकेजचे काम गिटवर कोठे चालते याचा पत्ताही बहुधा छापला जातो. तो टिपून ठेवावा, कारण एखादा बदल केव्हा आणि का झाला हे त्या ठिकाणी नोंदींसह वाचता येते.

उतरलेल्या फाइल्स पाहिल्या की पॅकेजची रचना लगेच लक्षात येते. ‘ओरिग’ असे नावात असलेले संकुल म्हणजे लेखकांचा मूळ सोर्स, जसाच्या तसा. दुसरी फाइल वितरणाने घातलेल्या गोष्टींची. पॅकेजच्या स्वरूपानुसार तिच्या नावात ‘डेबियन.टार’ असेल किंवा ती ‘डिफ.जीझेड’ने संपत असेल. तिसरी ‘डीएससी’ नावाची छोटी मजकुराची फाइल एकदा उघडून वाचण्यासारखी असते, कारण तिच्यात आवृत्ती, कोणती तयार पॅकेज निघतात, बांधणीसाठी काय लागते आणि बाकीच्या फाइल्सचे शा-२५६ ठसे दिलेले असतात. या तिन्हींमधून ‘डीपीकेजी-सोर्स’ हे साधन एक उलगडलेले फोल्डर तयार करते. ते फोल्डर तयार न होता ‘डीपीकेजी-डेव्ह बसवले आहे का पाहा’ असा संदेश आला, तर ते पॅकेज बसवून तीच कमांड पुन्हा द्यावी. उतरलेल्या फाइल्स पुन्हा उतरत नाहीत.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो आवृत्तीबाबत. ‘ॲप्ट सोर्स’ आपल्या मशीनवर बसलेली आवृत्ती पाहून सोर्स आणते, असा अनेकांचा समज असतो, पण तसे नाही. तिला माहीत असलेल्या सोर्सच्या याद्यांमध्ये जी सर्वांत नवी योग्य आवृत्ती सापडेल ती ती उतरवते, आणि या याद्या तयार पॅकेजच्या याद्यांपासून पूर्ण स्वतंत्र असतात. समजा आपण मुख्य भांडारासाठी ‘डेब-एसआरसी’ लावले पण अपडेट्स व सुरक्षा भांडारांसाठी विसरलो, तर मशीनवर दुरुस्त केलेली आवृत्ती आणि हातात एप्रिल २०२४ मधली मूळ आवृत्ती अशी स्थिती होते. त्यातून बांधलेले पॅकेज बसवले तर मधल्या दुरुस्त्या आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो. म्हणून ‘ॲप्ट पॉलिसी एक्सकेबी-डेटा’ने बसलेली आवृत्ती पाहावी आणि ती सोर्सच्या फोल्डरातील ‘डेबियन/चेंजलॉग’च्या पहिल्या ओळीशी ताडून घ्यावी. विशिष्ट आवृत्ती हवी असल्यास सोर्स पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह देऊन ती लिहिता येते. डेबियनमध्ये तयार पॅकेजच्या आवृत्तीच्या शेवटी कधी कधी ‘+बी१’ असे दिसते. सोर्स न बदलता केवळ पुन्हा बांधणी झाल्याची ती खूण असून सोर्समध्ये ती सापडणार नाही. भांडारातून निघून गेलेल्या जुन्या आवृत्त्या उबुंटूसाठी लाँचपॅडवर आणि डेबियनसाठी ‘स्नॅपशॉट’ या संग्रहात मिळतात.

नेटविषयी थोडेसे. सोर्सची यादी चालू केली की दर अपडेटला त्या याद्याही उतरतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला हे जाणवते. कीबोर्डचे पॅकेज लहान आहे, पण लिबरऑफिससारख्या गोष्टीचा सोर्स प्रचंड असतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असतात, त्यामुळे त्या बाजूच्या माणसांना मी दुसरा मार्ग सांगतो. ‘ॲप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयज सोर्स’ ही कमांड काही न उतरवता केवळ फाइल्सचे पत्ते छापते. ते बरोबर घेऊन बेळगावात किंवा जेथे चांगले नेट मिळेल तेथे कोणत्याही मशीनवर फाइल्स उतरवाव्यात, पेन ड्राइव्हवर आणाव्यात आणि घरी ‘डीपीकेजी-सोर्स -एक्स’ला ‘डीएससी’ फाइलचे नाव देऊन उलगडाव्यात. अशा वेळी ॲप्टची तपासणी मधून गळते, म्हणून ठसे जुळत नसल्याची तक्रार आली तर ती फाइल पुन्हा आणावी. सही तपासता आली नाही अशी नुसती सूचना आली तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा त्या पॅकेजकर्त्याची किल्ली आपल्या मशीनवर नाही एवढाच असतो.

उलगडलेल्या फोल्डरात ‘सिम्बॉल्स/इन’ ही फाइल उघडून ‘मार-कगप’ हा विभाग शोधावा. प्रत्येक कळीची एक ओळ असते. कोनी कंसातले ‘एसी०१’ हे कळीचे जागेवरून ठरलेले नाव आहे: ‘ए’ म्हणजे अक्षरांचा मुख्य भाग, ‘सी’ म्हणजे खालून मोजलेली रांग आणि ०१ म्हणजे डावीकडून पहिली कळ, अर्थात साध्या कीबोर्डवरची ‘ए’. त्याच्या वरची रांग ‘एडी’, खालची ‘एबी’. पुढे चौकोनी कंसात क्रमाने साधी दाबणी, शिफ्ट, राईट आल्ट आणि राईट आल्ट अधिक शिफ्ट अशा चार पातळ्यांची अक्षरे येतात. ‘ॲ’चा युनिकोड क्रमांक ०९७२ आहे, म्हणून हव्या त्या कळीच्या तिसऱ्या जागी ‘यू०९७२’ लिहावे. तिसरी पातळी वापरायची तर राईट आल्टला ते काम देणारी ‘लेव्हल३’ची ओळ त्या विभागात, किंवा तो विभाग ज्यातून घेतला आहे त्यात, आहे की नाही ते पाहावे; नसल्यास अक्षर लिहूनही उमटत नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम सुटला तर लेआऊट लागतच नाही, तेव्हा बदल करताना पर्यायी इंग्रजी लेआऊट यादीत ठेवावा.

यानंतरची बांधणी झटपट होते. ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप एक्सकीबोर्ड-कॉन्फिग’ने मेसनसह सगळी लागणारी साधने एकदम बसतात. ‘डेव्हस्क्रिप्ट्स’ पॅकेजातील ‘डीसीएच --लोकल’ने आवृत्तीच्या शेवटी स्वतःची खूण जोडावी, म्हणजे पुढे हे पॅकेज कोणाचे याचा घोळ राहत नाही. मग सोर्सच्या फोल्डरातच ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी’ चालवावे. तयार झालेली डेब फाइल त्या फोल्डरात शोधू नये. ती एक पायरी वर, म्हणजे बाहेरच्या फोल्डरात तयार होते. ती ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ने, नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ देऊन बसवावी.

आता माझे स्वतःचे मत. प्रश्नकर्त्यांच्या ठिकाणी मी असतो तर सोर्स उतरवून वाचला असता, पण पॅकेज बांधण्याआधी एक गोष्ट तपासली असती. सेटिंग्जमधील ‘अबाउट’च्या तपशिलात विंडोइंग सिस्टिम, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, वेलँड आहे की एक्स११, हे दिसते. वेलँड असेल तर होम फोल्डरातील ‘.कॉन्फिग/एक्सकेबी/सिम्बॉल्स’मध्ये निराळ्या नावाची छोटी फाइल करून, तिच्यात मूळ मराठी कगप विभाग ‘इन्क्लूड’ करून खाली केवळ बदललेली कळ लिहिली की पुरते. यादीत नाव दिसण्यासाठी शेजारच्या ‘रूल्स’ फोल्डरात नोंद करावी लागते. ही सोय २०२० मधील लिबएक्सकेबीकॉमनच्या १.० आवृत्तीपासून आहे आणि पॅकेज कितीही वेळा बदलले तरी आपली फाइल सुरक्षित राहते. एक्स११ वर ही पद्धत लागू पडत नाही. मिंटचा सिनॅमन वापरणाऱ्यांकडे बहुधा एक्स११ असते, आणि दुकानातील सगळ्या मशीनवर सगळ्या खात्यांना एकच बदल हवा असेल तरीही मी पॅकेज बांधण्याचाच मार्ग धरतो.

सगळ्याच गोष्टींचा सोर्स या मार्गाने मिळेल असे मात्र नाही. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या निराळ्या प्रकारच्या पॅकेजच्या रूपात येतो. त्याचा सोर्स ॲप्टकडे मागितला तर स्नॅप बसवणारे एक छोटे मध्यस्थ पॅकेज हाती येते. क्रोमसारखे बाहेरून आणलेले डेब पॅकेज असेल तर उबुंटूच्या भांडारात त्याचा सोर्स नसतोच. पीपीएमधून, म्हणजे इतरांनी चालवलेल्या स्वतंत्र भांडारातून, बसवलेल्या गोष्टीसाठी त्या पीपीएची सोर्सची ओळ स्वतंत्रपणे चालू करावी लागते. फेडोरावर कल्पना तीच, कमांड निराळ्या: ‘आरपीएम -क्यूएफ’ने फाइलचे पॅकेज शोधावे, ‘डीएनएफ डाउनलोड --सोर्स’ने सोर्स आणावा आणि ‘डीएनएफ बिल्डडेप’ने साधने बसवावीत. सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवर आधारित असल्याने त्यावर वरीलच पद्धत लागू होते, फक्त भांडाराचे पत्ते त्याचे असतात.

पॅकेज बांधून बसवल्यावर उबुंटूकडून नवी आवृत्ती आली तर ती आपल्या पॅकेजची जागा घेईल. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने ते थांबवता येते, पण थांबवलेले पॅकेज विसरले जाते, म्हणून मी ते टाळतो आणि बदलाचा ‘डिफ’, म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची फाइल, तेवढा जपून ठेवतो. नवी आवृत्ती आली की तो नव्या सोर्सवर पुन्हा लावता येतो. ‘ॲ’ची गरज इतर मराठी टायपिंग करणाऱ्यांनाही पटेल असे वाटत असेल, तर हाच डिफ फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर एक्सकीबोर्ड-कॉन्फिग प्रकल्पाकडे विनंतीच्या रूपात पाठवावा. तो स्वीकारला गेला तरी २४.०४ वर आपोआप येणार नाही, उबुंटूच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीत येईल. तोपर्यंत स्वतःची फाइल किंवा स्वतःचे पॅकेज चालवावे लागेल.